साथीदारांचें ऋण

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा गायकांचाच इतिहास लिहितात. घराणें कोणापासून निघालें, तालीम कोणाची, गंडा कोणीं कोणास बांधला, ह्या प्रश्नांची चर्चा आमच्याकडे पुष्कळ झाली आहे, व ती व्हावी हें योग्यच आहे. कोल्हापुरासारख्या गांवीं, जेथें शाहू छत्रपतींच्या आश्रयास अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायक नांदला आणि देवल क्लबाच्या बैठकींतून रसिकांचे कान तयार झाले, तेथें तर ही चर्चा रोजच्या बोलण्यांतली आहे. परंतु गायकाच्या डाव्या-उजव्या हातास बसून ज्यांनीं आयुष्यें घालविलीं, त्या साथीदारांविषयीं विचारलें तर जाणत्यांसहि दोन-चार नांवांपलीकडे फारसें सांगतां येत नाहीं. साथ ही वस्तु आम्हांस ऐकूं येते, पण आमच्या स्मरणांत राहत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या साथीदारांचा विचार करणार आहों, ते बैठकींतले नव्हत. ते मुंबईच्या नाचघरांतून जॅझ वाजविणारे गोमंतकीय ख्रिस्ती वादक होत. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची व मराठी चालकारांची गांठ पडली, आणि त्या गांठींतून जें संगीत निघालें तें घराघरांत शिरलें. चालकाराचें नांव सर्वांच्या ओठीं बसलें; वादकाचें नांव बहुतेक पुसलें गेलें. हें असें कां झालें, व त्यांत आपण काय गमावलें, हें पाहणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

जॅझ हा शब्द ऐकतांच आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या डोळ्यांपुढें हॉटेलांतील नाच आणि कर्कश वाद्यें उभीं राहतात. हा ग्रह सर्वस्वी निराधार नाहीं. मुंबईंत जॅझ आला तो नाचघराच्याच दारानें. परंतु मूळ वस्तु निराळी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नांवाचें बंदर आहे. ज्यांचे वाडवडील गुलाम म्हणून आफ्रिकेंतून आणले गेले होते, अशा कृष्णवर्णीय लोकांनीं तेथें लष्करी बँडचीं वाद्यें, चर्चमधील प्रार्थनागीतें आणि मजुरांचीं गाणीं यांच्या मिश्रणांतून एक नवें संगीत निर्माण केलें. एक सर्वांस ठाऊक असलेली चाल घ्यावयाची, तिच्या तळाशीं चालणारी स्वरमेळांची मालिका कायम ठेवावयाची, आणि एकेका वादकानें आपली पाळी आली म्हणजे त्या मालिकेवर तत्क्षणीं सुचेल तशी नवी रचना करावयाची, ही त्याची रीत. आमचा गवई अस्ताई भरल्यानंतर समेचें बंधन पाळून जसा मोकळा फिरतो, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच कीं, आमच्या बैठकींत फिरण्याचा मान मुख्यतः एकट्या गवयाचा. जॅझमध्यें तो पांच-सात जणांस आळीपाळीनें मिळतो. प्रत्येकजण घटकाभर गवई होतो आणि दुसऱ्या घटकेस साथीदार. साथीदारासहि स्वतःचा आवाज असतो, हें तत्त्व ह्या संगीताच्या मुळाशींच आहे. असें असून त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ सालीं निघाली तेव्हां तींत वाजविणारे सर्वजण गोरे होते. ज्यांची विद्या त्यांचेंच नांव मागें राहावें, हा ह्या संगीताचा जन्मापासूनचा योग दिसतो.

मुंबईस हें संगीत प्रथम तबकड्यांच्या द्वारें व गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन वादकांच्या हातून आलें. परंतु खरा प्रसाद मिळाला तो १९३५ च्या हिवाळ्यांत. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलांत त्या वर्षीं लिऑन ॲबी ह्या व्हायोलिनवादकाचा ताफा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक घेऊन उतरला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे आले. हे कोणी पोटापाण्यास निघालेले सामान्य वाजंत्री नव्हत. क्रिकेट स्मिथ यांनीं १९१३-१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें जेम्स रीस युरोप यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदांत कॉर्नेट वाजविलें होतें, म्हणजे जॅझची पहिली तबकडी निघण्याच्याहि पूर्वीं. पियानोवादक वेदरफर्ड यांनीं १९२६ सालीं शिकागोंत अर्स्किन टेट यांच्या वृंदांत लुई आर्मस्ट्राँग यांच्या बरोबरीनें ध्वनिमुद्रण केलें होतें. त्याच वर्षीं ते पूर्वेकडे निघाले, शांघाय येथें राहिले, आणि अखेर हिंदुस्थानांत स्थिरावले.

हीं माणसें स्वदेश सोडून इतक्या दूर कां आलीं? पगार हें एक कारण झालें. दुसरें कारण असें कीं, त्यांच्या देशांत ज्या हॉटेलांत त्यांचें वादन चाले, त्याच हॉटेलांत पुढच्या दारानें शिरण्याची अनेक ठिकाणीं त्यांस बंदी असे. शांघाय किंवा मुंबई येथें त्यांच्या वांट्यास जो मान आला तो पूर्ण समतेचा होता असें म्हणवत नाहीं. साहेब लोक, संस्थानिक व धनिक पारशी यांची करमणूक करणें हेंच त्यांचें काम होतें. तथापि वृंदाचा नायक म्हणून येथें त्यांचें नांव जाहिरातींत ठळक छापलें जाई, आणि कलावंतास तेवढ्यानेंहि पुष्कळ धीर येतो. वेदरफर्ड यांनीं पुढें कलकत्त्यास मुक्काम हलविला, आणि १९४५ सालच्या एप्रिलांत तेथेंच पटकीच्या सांथींत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकेचाळीस वर्षांचें होतें.

ह्या ताफ्यांतून ज्या जागा रिकाम्या होत त्या भरण्यास माणसें लागत, आणि तीं गोव्यानें पुरविलीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील गांवोगांवच्या चर्चला जोडून शाळा असत. त्या शाळांतून मुलांस युरोपीय स्वरलेखन, गायन व व्हायोलिनवादन शिकविलें जाई. उद्देश धार्मिक होता. चर्चमधील उपासनेस गाणारे-वाजविणारे हवे होते. परंतु शेतीवाडी तोकडी असलेल्या घरांतील मुलांस हेंच विद्याधन उपजीविकेस कामीं आलें. संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या काळांतील चित्रगृहें, आगबोटी, हॉटेलें, जेथें जेथें लिहिलेले स्वर पाहून वाजविणारा हवा होता, तेथें तेथें गोमंतकीय पोहोंचला. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास ह्या मंडळींच्या गांववार 'कुडी' असत. आमच्या कोंकणी-घाटी चाकरमान्यांच्या गांवकीच्या खोल्या असत, तशीच ही व्यवस्था. परगांवीं नोकरीच्या शोधांत आलेला वादक प्रथम तेथेंच पथारी टाकी.

ह्यांतील अग्रणी म्हणून आंतोनियो झेवियर वाझ यांचें नांव घ्यावें लागेल. बार्देशांतील हळदोणें हें त्यांचें गांव; जन्म १९१६ सालचा. रसिकांत ते 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ओळखले जात. आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनीं ट्रम्पेटवरील त्याची फेंक व घोगऱ्या गळ्याचें गाणें इतकें आत्मसात् केलें कीं, लोक त्यांस हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. ताजमध्येंच मिकी कुरैया यांच्या ताफ्यानें १९३९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षें, वादन केलें. कुडचडें येथील फ्रँक फर्नांड यांनीं वेदरफर्ड यांच्या हाताखालीं ट्रम्पेट वाजविलें. १९४६ सालीं मसुरीस त्यांस महात्मा गांधींचें दर्शन घडलें, आणि आपलें हें परकी संगीत आपल्या देशाचें कसें होईल हा विचार तेव्हांपासून आपल्या मनांत घोळूं लागला, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. एका नाचघरांतील वादकाच्या मनांत हा प्रश्न उभा राहावा, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आतां ह्या प्रश्नाचें उत्तर कोठून आलें तें पाहूं. परकी वाद्य आपलेंसें होण्याचें उदाहरण कोल्हापूरकरांस दूर शोधावयास नको. हार्मोनियम हेंहि मूळचें परकीच वाद्य. त्यांत मींड निघत नाहीं, श्रुति सांपडत नाहींत, म्हणून पंडितांनीं त्याची पुष्कळ निंदा केली. १९४० सालीं तर नभोवाणीनें त्यास बंदी केली. पण त्याच पेटींतून कोल्हापूरजवळच्या सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांनीं काय काढलें, हें ज्यांनीं ऐकलें त्यांचा वाद तेथेंच मिटला. गोविंदराव हे मूळचे साथीदार. पुढें 'मानापमान'च्या चाली त्यांनीं दिल्या, आणि प्रभातनें कोल्हापुरांत काढलेल्या 'अयोध्येचा राजा' ह्या १९३२ च्या बोलपटाचें संगीतहि त्यांचेंच. साथीदार हा निर्माता होऊं शकतो, आणि वाद्याची जात त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे तर वाजविणाऱ्या हातावरून ठरते, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रांत एकत्र दिसतात.

ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्या बाबतींत हें काम ज्यानें केलें तो गृहस्थ नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचा. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालचा. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांजवळ त्यांनीं गाण्याचे पाठ घेतले. चित्रपटांत ते आले नट म्हणून; पण नट म्हणून कांहीं जमलें नाहीं, तेव्हां सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनींत ते पेटी वाजवूं लागले. म्हणजे हेहि मूळचे साथीदारच. भगवान पालव यांच्या 'सुखी जीवन' ह्या १९४२ च्या चित्रपटापासून हिंदी संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांचा जम बसला, आणि सी. रामचंद्र हें नांव गाजूं लागलें. १९४७ च्या 'शहनाई'तील रविवारच्या सहलीच्या गाण्यानें तर देशभर धुमाकूळ घातला.

ह्याच सुमारास मुंबईच्या नाचघरांस उतरती कळा लागली होती. इंग्रज अधिकारी गेले, संस्थानें विलीन झालीं, आणि १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी आली. ज्यांच्या पैशावर ताफे पोसले जात ती गिऱ्हाइकी आटली. उलट बोलपटांस मोठे वाद्यवृंद हवे होते. रात्रीं हॉटेलांत वाजविणारा गोमंतकीय सकाळीं चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणास जाऊं लागला, आणि कांहीं वर्षांनीं रात्रीची नोकरी सुटून सकाळचीच उरली.

तेथें कामाची वांटणी कशी होती तें समजून घेतल्यावांचून पुढील गोष्टीचा उलगडा होणार नाहीं. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल बसवी व गाऊन दाखवी. ती चाल म्हणजे स्वरांची एकेरी ओळ. आमच्या संगीताचा सारा जीव त्या ओळींत असतो. परंतु तीस-चाळीस वादकांनीं एका वेळीं काय वाजवावयाचें, व्हायोलिनांनीं गाण्याच्या पाठीमागें कोणती दुसरी ओळ धरावयाची, दोन कडव्यांमधली जागा कशानें भरावयाची, ह्याचा आराखडा कागदावर मांडावा लागतो. हें काम ज्यास युरोपीय स्वरलेखन अवगत आहे त्यासच शक्य. तो बहुधा गोमंतकीय असे, आणि 'अरेंजर' म्हणून ओळखला जाई. चित्रपटाच्या आरंभींच्या पाटीवर त्याचें नांव आलेंच तर 'साहाय्यक' म्हणून येई. पुष्कळदां तेंहि येत नसे.

सी. रामचंद्र व चिक चॉकलेट यांची जोडी ह्या व्यवस्थेंत निराळी उठून दिसते, कारण त्यांत एकानें सांगावें व दुसऱ्यानें लिहावें एवढाच व्यवहार नव्हता. १९५० च्या 'समाधि'तील एका गाजलेल्या गाण्याची चाल १९४५ च्या 'डॉल फेस' ह्या अमेरिकन चित्रपटांतील गाण्यावरून घेतलेली आहे. तेथें उसनवारी उघड आहे. पण पुढच्याच वर्षींच्या 'अलबेला'त उसनवारीची पायरी मागें टाकलेली दिसते. ट्रम्पेटची फेंक, ढोलांचा दक्षिण अमेरिकेंतील ठेका, आणि त्यांवर मराठी कानास सहज पटणारी चाल, हे सर्व एकजीव झाले आहेत. कोणता धागा कोणाचा हें सांगूं म्हटलें तर सांगवत नाहीं. त्या चित्रपटांत चिक चॉकलेट व त्यांचे सोबती पडद्यावरहि वाजवितांना दिसतात. एरव्हीं ध्वनिमुद्रणगृहाच्या भिंतीआड राहणाऱ्या वादकांस प्रेक्षकांपुढें आणण्याचा मोठेपणा चालकारानें व भगवानांनीं दाखविला, हें नमूद केलें पाहिजे. चिक चॉकलेट यांनीं स्वतंत्रपणेंहि 'नादान'सारख्या चित्रपटांस संगीत दिलें, पण त्या वाटेनें ते फार दूर गेले नाहींत. १९६७ सालीं ते वारले.

ह्या संगमांतील तिसरा ओघ आमच्या कोल्हापुराशीं संबद्ध आहे. 'समाधि' आणि 'अलबेला' ह्या दोहोंत लता मंगेशकर यांचा आवाज आहे. १९४२ सालीं मास्टर दीनानाथ वारल्यावर त्यांच्या ह्या कन्येस मास्टर विनायक यांनीं आपल्या प्रफुल्ल पिक्चर्समध्यें घेतलें. कंपनी कोल्हापुरांत होती, व १९४५ च्या सुमारास ती मुंबईस गेली तेव्हां लताबाईहि गेल्या. दीनानाथांचें मूळ गांव गोव्यांतील मंगेशी. गोव्यानें महाराष्ट्राच्या संगीतास दोन हातांनीं दिलें आहे. एक हात देवळाचा: दीनानाथ त्या बाजूचे, आणि अल्लादियाखाँसाहेबांचें गाणें ज्यांनीं पुढें नेलें त्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकरहि त्याच बाजूच्या. दुसरा हात चर्चचा: त्यानें स्वरलेखन जाणणारे वादक दिले. मंगेशी आणि हळदोणें यांमध्यें अंतर थोड्या कोसांचें. पण शेंकडों वर्षें तेथील दोन संगीतें शेजारीं राहून एकमेकांस अनोळखी राहिलीं. त्यांची गांठ पडली ती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत, आणि ती घालून दिली पुणतांब्याच्या पेटीवाल्यानें. इतिहासांतील हा योग आम्हांस कोणत्याहि घराण्याच्या वंशावळीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ह्यावर आमच्याकडील जाणत्यांचा आक्षेप ठरलेला आहे. हा संकर होय. ह्यानें अभिरुचि बिघडली. उडत्या चालींनीं भावगीताचें व ख्यालाचें आसन डळमळलें. आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ह्या मार्गानें पुढें जें गेलें त्यांत नुसत्या नकला पुष्कळ निघाल्या. परंतु ज्या सी. रामचंद्रांवर हा आक्षेप विशेषेंकरून येतो, त्यांनींच १९५३ सालीं 'अनारकली'चें संगीत दिलें, व त्यांतील आर्त गोडवा अस्सल येथल्याच मातीचा आहे, हें आक्षेपकांसहि मान्य करावें लागतें. ज्यास स्वतःची चाल आहे त्यास परक्या ठेक्याची भीति नसते. 'मानापमान'च्या वेळीं गोविंदरावांनीं पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचे ढंग मराठी रंगभूमीवर आणले, तेहि त्या वेळीं परप्रांतीयच होते. आज तीं पदें आम्ही आमचीं म्हणून गातों.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो श्रेयाच्या वांटणीविषयीं आहे. सी. रामचंद्र यांचें नांव संगीत-दिग्दर्शक म्हणून छापलें जाई, व गायक म्हणून 'चितळकर' हें दुसरें नांव त्याच तबकडीवर झळके. एका माणसास दोन नांवें. आणि त्याच तबकडीवर ज्यांचा श्वास ट्रम्पेटमधून व सॅक्सोफोनमधून उमटला आहे, त्या दहा-वीस माणसांस एकहि नांव नाहीं. ह्यांत त्या एका चालकाराचा दोष होता असें नव्हे. सर्व धंद्याचीच ती रीत होती. १९५७ च्या 'आशा'तील 'ईना मीना डीका' ह्या गाण्यांत एक जोडशब्द चक्क कोंकणी आहे. त्याचा अर्थ 'मला नको' असा. चालकाराचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनीं तो सहज सुचविला असें सांगतात. त्या गाण्यावर लक्षावधि लोक नाचले; आपण कोंकणी बोलत आहों हें त्यांतल्या किती जणांस कळलें असेल? साथीदाराची गत त्या शब्दासारखीच झाली. तो सर्वांच्या तोंडीं आहे, आणि कोणासच ठाऊक नाहीं.

सेबास्तियन डिसोझा यांचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. फाळणीपूर्वीं ते लाहोरास हॉटेलांत ताफा चालवीत. मुंबईस आल्यावर शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना त्यांनीं वर्षानुवर्षें केली. त्या गाण्यांतील व्हायोलिनांच्या लाटा आज ज्यास त्यास ओळखतां येतात. पण त्या ज्यानें कागदावर उतरविल्या तो ओळखूं येत नाहीं. १९६८ सालीं त्याच संगीतकारद्वयानें आमचे राग जॅझच्या थाटांत बांधून एक स्वतंत्र तबकडी काढली. तींत रईसखाँ यांची सतार व मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. चित्रपटाच्या ओझ्यांतून सुटतांच वादक कसा बोलूं लागतो, हें ज्यास ऐकावयाचें असेल त्यानें ती ऐकावी.

माजोर्डें येथील अँथनी गोन्साल्विस यांनीं तर ह्या मौनाविरुद्ध प्रयत्नच करून पाहिला. प्यारेलाल शर्मा यांस त्यांनीं व्हायोलिन शिकविलें. हिंदुस्थानी राग व पाश्चात्त्य स्वरमेळ यांचा मिलाफ घडवावा ह्या हेतूनें १९५८ सालीं त्यांनीं मोठा वाद्यवृंद उभारला, व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांत गायले. तथापि हा उद्योग टिकला नाहीं, आणि ते पुढें अमेरिकेस निघून गेले. १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी'च्या संगीताचें काम आलें तेव्हां प्यारेलाल यांनीं गुरूचें नांव एका गाण्यांत गोंवून घेतलें. तें नांव देशांतल्या प्रत्येक पोरास पाठ झालें. मात्र तें एका खऱ्या व्हायोलिनवादकाचें आहे, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक होती. शिष्यानें ऋण फेडलें, पण तें समाजास कळलें नाहीं. अँथनी गोन्साल्विस २०१२ सालीं गोव्यांत वारले. फ्रँक फर्नांड यांनीं निराळा मार्ग धरला. 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढून त्यांनीं आपल्या संगीतास आपल्याच भाषेचें घर मिळवून दिलें. मसुरीस उठलेल्या प्रश्नाचें त्यांच्यापुरतें उत्तर हेंच होतें असें आम्हांस वाटतें.

हा केवळ जुन्या अन्यायाचा पाढा नव्हे. ज्या समाजास आपल्या कलेंतील साथीदार ठाऊक नसतो, त्यास त्या कलेची घडण कशी झाली हेंहि ठाऊक नसतें. मग जें दहा हातांनीं घडलें तें एकाच्या प्रतिभेचा चमत्कार म्हणून पूजिलें जातें, आणि तसा चमत्कार पुन्हां कां घडत नाहीं म्हणून हळहळ होते. चमत्कार घडला होता तो दोन निराळ्या विद्या एका खोलींत बसून एकमेकींचें ऐकूं लागल्या म्हणून. एकीजवळ चाल होती, दुसरीजवळ स्वरलेखन. एक कानानें शिकलेली, दुसरी कागदावरून. दोघींतली एकहि विद्या दुसरीवांचून 'अलबेला' करूं शकली नसती.

ज्या घरांतून जुन्या तबकड्या अद्याप जपून ठेवल्या असतील, त्यांनीं त्या काढून एकदां निराळ्या कानानें ऐकाव्यात. गायिका श्वास घेण्यास थांबते त्या जागीं कोण बोलतो, तिकडे लक्ष द्यावें. तेथें हळदोण्याचा, कुडचड्याचा किंवा माजोर्ड्याचा कोणी तरी आपली दोन-चार पळांची पाळी मनापासून वाजवून जातो. त्याच्या कलेच्या नियमाप्रमाणें त्या पळापुरता तोच गवई असतो. त्याचें नांव शोधून इतिहासांत लिहिणें, हें ज्यांनीं आजवर नुसतें ऐकलें त्यांजवरील ऋण आहे, आणि तें अद्याप फिटावयाचें आहे.